एअर रायफलसाठी परवडणारा बायपॉड : आधी प्ले तपासा, मग बाकीचं

बायपॉड म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा आधार. त्याची पहिली परीक्षा एका मिनिटात होते. दोन्ही पाय उघडा, मधल्या खाचेवर लॉक करा, टेबलावर टेकवा आणि वरचा जबडा, म्हणजे रायफलला पकडणारा भाग, दोन बोटांत धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे हलवा. नंतर तो पिळल्यासारखा फिरवा. खटखट आवाज आला, किंवा पाय जागेवर असताना जबडा उघड दिसेल इतका सरकला, तर बाकी काहीही चांगलं असलं तरी तो बायपॉड बाजूला ठेवा. स्वस्त बायपॉडमधला खरा फरक याच ढिलाईत, म्हणजे ज्याला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात त्यात असतो.

आकडा पाहिला की हे पटतं. रायफल पुढे बायपॉडवर आणि मागे खांद्यावर टेकलेली असते. दोन्हींतलं अंतर ६० सेंटीमीटर धरलं, तर पुढच्या टोकाला ०.१ मिलिमीटर सरकलेली रायफल २५ मीटरवर नेम सुमारे ४ मिलिमीटर हलवते. म्हणजे ४.५ मिमीच्या छऱ्याच्या जवळजवळ पूर्ण रुंदीइतका. अर्धा मिलिमीटर प्ले असेल तर हीच चूक २ सेंटीमीटरवर जाते. कोणी म्हणेल, प्रत्येक गोळीआधी नेम नव्याने धरतोच, मग प्ले आड कसा येईल? नेम धरताना तो आड येत नाहीच. तो आड येतो चाप ओढताना. बोटाचा दाब, श्वास आणि नाडीचा ठोका या सगळ्यांनी ढिला सांधा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला सरकतो, आणि तो नेमका कधी सरकेल याचा अंदाज बांधता येत नाही.

बायपॉड जितका पुढे बसेल तितकी ही चूक कमी होते. तोच ०.१ मिमी प्ले ४० सेंटीमीटर अंतरावर बसवलेल्या बायपॉडमध्ये २५ मीटरवर ६ मिमीहून जास्त होतो. म्हणून फोरएंड, म्हणजे दस्त्याचा नळीखालचा पुढचा भाग, आखूड असलेल्या रायफलवर घट्ट सांध्याचा बायपॉड जास्त गरजेचा.

एअर रायफलवाल्याचा एक मोठा फायदा इथे आहे. मोठ्या काडतुसाच्या रायफलवर बायपॉडला जोरदार धक्के सोसावे लागतात, आणि तिथे हलक्या ओतीव धातूचे जबडे तडकतात, पिना वाकतात. पीसीपी रायफलला, म्हणजे आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलला, धक्का जवळजवळ नसतोच. त्यामुळे ताकदीसाठी पैसे मोजायचं कारण उरत नाही. जाड पाय, रुंद नट, ‘हेवी ड्युटी’ असा ठसा, हे सगळं तुमच्यासाठी फक्त वजन आहे. सांधे घट्ट आणि लॉक प्रत्येक वेळी त्याच जागी बसणारे हवेत. एवढं मिळालं की मध्यम किमतीचा बायपॉड पीसीपीवर वर्षानुवर्षं उत्तम चालतो.

स्प्रिंग-पिस्टन रायफलची गोष्ट वेगळी आहे आणि ती खरेदीआधीच समजून घ्यावी. चाप सुटला की जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे ढकलली जाते. पिस्टन पुढच्या टोकाला दाबल्या गेलेल्या हवेच्या उशीवर अडतो तेव्हा रायफल उलट पुढे सरकते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते. म्हणून अशा रायफलला दरवेळी तितकंच मोकळं हलू देणारा आधार लागतो. उघड्या तळव्यावर हलकेच टेकवलेली रायफल छान गट देते, म्हणजे छर्रे एकमेकांजवळ पडतात, आणि तीच कडक बायपॉडवर ठेवली की गट वर सरकतो किंवा फुटतो, त्याचं कारण हे आहे. दोष बायपॉडचा नसतो, तरी शिव्या मात्र त्यालाच बसतात.

शिवाय अनेक स्प्रिंग रायफलवर बायपॉड बसवायला जागाच नसते. ब्रेक-बॅरल प्रकारात, म्हणजे नळी खाली मोडून स्प्रिंग दाबायच्या रायफलमध्ये, फोरएंडच्या तळाला कॉकिंग आर्मसाठी, म्हणजे स्प्रिंग दाबणाऱ्या दांड्यासाठी, लांब खाच कोरलेली असते. मधोमध स्टड बसवायचा म्हटलं तर तिथे लाकूडच नाही. अंडरलिव्हर रायफलमध्ये, उदाहरणार्थ वाइराउखच्या एचडब्ल्यू ९७ मध्ये, कॉकिंगचा दांडा नळीखाली असतो आणि पुढे घडी केलेले बायपॉडचे पाय त्याच्या आड येतात. स्प्रिंग रायफल हीच तुमची मुख्य रायफल असेल तर बायपॉडऐवजी पुढे मऊ वाळूची पिशवी, तिच्यावर तळहात आणि तळहातावर रायफल, ही मांडणी आम्ही सुचवू. तरीही बायपॉडच हवा असेल तर पायांखाली जाड मऊ चटई घाला, रायफल पुढे रेटू नका, मागे हलका हात ठेवा आणि बायपॉडवरच नव्याने झीरो करा, म्हणजे छर्रा जिथे पडतो तिथे स्कोपचा नेम जुळवा. दुहेरी धक्क्याने स्क्रू सैल होतात, त्यामुळे मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, लावणं इथे अनिवार्य आहे.

१० मीटर एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रकाराची तयारी करत असाल तर बायपॉडचा विचारच सोडा. तो प्रकार उभ्याने आणि आधाराविना खेळला जातो. पुढे टांगलेलं ३००-४०० ग्रॅम वजन तिथे तोल बिघडवण्यापलीकडे काही करत नाही.

आता माउंट, म्हणजे बायपॉड रायफलला जोडण्याची सोय. बायपॉड आधी निवडून मग अडॅप्टर शोधत बसण्यापेक्षा आपल्या रायफलवर काय आहे ते पाहून त्याच माउंटचा बायपॉड घ्यावा. प्रत्येक अडॅप्टर म्हणजे आणखी एक सांधा, आणखी थोडा प्ले आणि सेंटीमीटरभर जास्त उंची.

स्लिंग स्टड, म्हणजे पट्टा अडकवायचा फोरएंडखालचा भोकाचा खुंटा, हा सर्वांत जुना मार्ग. बायपॉडच्या जबड्यातल्या दोन पिना स्टडच्या आडव्या भोकात दोन्ही बाजूंनी शिरतात, खालचा नट आवळला की स्टड खाली ओढला जातो आणि बायपॉडचे रबरी पॅड फोरएंडवर घट्ट बसतात. घट्टपणा पॅडमुळे येतो, पिनांमुळे नाही. नट कमी आवळला तर रायफल पॅडवर डावी-उजवीकडे वळत राहते. जास्त आवळला तर मऊ लाकडातला स्टड आट्यांसकट उपटून येतो. लाकडी स्क्रूचा स्टड असेल तर तो काढून मशीन स्क्रूचा स्टड बसवा आणि आतल्या बाजूने, बॅरल चॅनलमध्ये, नट बुडवून आवळा. या एका बदलाने स्टडवरचा बायपॉड भरवशाचा होतो.

नवा स्टड बसवायचा असेल तर आधी अ‍ॅक्शन, म्हणजे नळी आणि सगळी यंत्रणा, दस्त्यातून बाहेर काढा. पीसीपीमध्ये फोरएंडच्या लाकडाच्या अगदी वर दाबाची हवा भरलेली टाकी असते. २०० बारच्या टाकीला ड्रिलचं टोक लागणं हा विनोदाचा विषय नाही. ड्रिल बिटवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा आणि भोक मध्यरेषेवरच आहे ना, हे दोनदा मोजा. स्टड दोन मिलिमीटर बाजूला गेला तरी रायफल बायपॉडवर कायम एका बाजूला झुकते.

पिकॅटिनी रेल, म्हणजे आडव्या खाचांची ठरावीक मापाची पट्टी, असेल तर काम सोपं होतं. या रेलची रुंदी २१.२ मिमी, खाच ५.२३ मिमी आणि दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर १०.०१ मिमी असतं. वीव्हर रेल दिसायला तशीच, पण तिची खाच ४.५७ मिमी. त्यामुळे वीव्हरसाठी बनवलेला क्रॉसबार, म्हणजे खाचेत अडकणारा आडवा दांडा, पिकॅटिनीत बसतो पण थोडा सैल. पिकॅटिनीचा क्रॉसबार मात्र वीव्हरच्या खाचेत उतरतच नाही. बसवताना क्रॉसबार खाचेच्या एका भिंतीला पूर्ण टेकवून मगच आवळा. नेम धरताना तुम्ही रायफल पुढे रेटत असाल तर ती भिंत मागची असावी, कारण जोर त्याच दिशेने येतो. स्कोपसाठीचा ११ मिमी डव्हटेल, म्हणजे रायफलच्या वरची तिरक्या कडांची पट्टी, वेगळा, तो बायपॉडसाठी नाही. टार्गेट रायफलच्या फोरएंडखाली टी-आकाराची लांब खाच असेल तर तिच्यासाठी वेगळा टी-नट लागतो; तो मिळतो आणि चांगला बसतो. आर्का रेल, म्हणजे फोरएंडखालची लांब सलग पट्टी, असेल तर नशीबच, बायपॉड मागे-पुढे सरकवून हवा तिथे आवळता येतो.

नळीला किंवा हवेच्या टाकीला चिमट्यासारखा पकडणारा बायपॉड स्वस्तात स्वस्त असतो आणि तो घेऊच नये. नळीवर काहीही टेकलं की तिच्या कंपनाची पद्धत बदलते आणि छर्रा दुसरीकडे जातो. टाकीचा आकार आतल्या दाबाबरोबर किंचित बदलतो. अनेक रायफलींत टाकी आणि नळी एका पट्टीने जोडलेल्या असतात, म्हणून टाकीवर आवळलेला क्लॅम्प दाब उतरेल तसा नेम सरकवू शकतो. त्यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे क्लॅम्पचे स्क्रू टाकीच्या पृष्ठभागावर चरे पाडतात. दाबाच्या भांड्यावर चरा कधीच चालवून घेऊ नये. हँडलमधून स्प्रिंगने पाय बाहेर उडणारा ग्रिप-बायपॉडही टाळा. पाय आखूड आणि जवळजवळ असतात, आणि आतल्या नळीत प्ले भरपूर असतो.

उंची ठरवताना पुस्तकांचा ढीग कामी येतो. टेबलावर बसा किंवा जमिनीवर झोपा, मान न वाकवता डोळा स्कोपच्या मागे येईल इतकी पुस्तकं फोरएंडखाली रचा आणि ढिगाची उंची मोजा. तो आकडा बायपॉडच्या मापाच्या खालच्या अर्ध्यात पडायला हवा. टेबलावरच्या आणि सपाट जमिनीवर झोपून केलेल्या नेमबाजीला ६ ते ९ इंचांचं, म्हणजे १५ ते २३ सेंटीमीटरचं माप बहुतेकांना पुरतं. गवत, उतार किंवा फोरएंडखाली लटकणारी हवेची बाटली असेल तर ९ ते १३ इंच. १३.५ ते २७ इंचांचे लांब पाय मांडी घालून बसणाऱ्यासाठी असतात. ‘मोठं घेतलं की सगळीकडे चालेल’ हा विचार इथे महागात पडतो, कारण सांध्यातला तोच प्ले लांब पायाच्या टोकाला कितीतरी वाढतो आणि पाय स्वतः लवतात. घेतलेल्या मापातही पाय शक्य तितके कमी बाहेर काढा.

आता रायफल एका बाजूला कलण्याचा प्रश्न. स्वस्त बायपॉड विकत घेणारे याच गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. स्कोप नळीच्या वर असतो आणि नळी किंचित वर रोखलेली असते, कारण छर्रा वाटेत खाली पडतो. रायफल कलली की ती वरची रोख बाजूला वळते. सेकंदाला २४० मीटर वेगाने निघालेला साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा घेऊन हिशेब केला, तर ५० मीटरवर तो नळीच्या रेषेपासून अंदाजे २५ सेंटीमीटर पडतो. रायफल ५ अंश कललेली असेल तर त्यातले सुमारे २.२ सेंटीमीटर आडवे होतात. २५ मीटरवर हीच चूक ५ मिमीच्या आसपास आणि १० मीटरवर जेमतेम १ मिमी. म्हणून १० मीटरवर फरक न दिसणारा नेमबाज ५० मीटरवर गेला की ‘वारा फार आहे’ म्हणू लागतो.

पाय दोन खाचांत कमी-जास्त करून कल काढता येतो, पण तो ढोबळ. पायांच्या टोकांत २५ सेंटीमीटर अंतर असेल तर एका पायातला ५ मिमीचा फरक रायफल १ अंशाहून थोडी जास्त कलवतो. खाचा त्याहून कितीतरी मोठ्या अंतरावर असतात. म्हणून वरचा जबडा डावी-उजवीकडे कलणारा बायपॉड घ्यावा, आणि त्या कलाला आवळता येणारा लॉक हवाच. लॉक नसलेला कल म्हणजे विकत घेतलेला प्ले. स्कोपवर छोटी पाणसळ बसवा, बुडबुडा मध्ये आणा, लॉक आवळा, मग नेम धरा.

आडवं फिरणं, म्हणजे पॅन, कागदी टार्गेटसाठी आम्हाला अनावश्यक वाटतं. एका मांडणीवर पाच-दहा टार्गेटं शेजारी लावली असतील तरी मागची पिशवी सरकवून काम होतं. स्वस्त बायपॉडमध्ये पॅनचा सांधा हाच सर्वांत ढिला सांधा असतो. असलाच तर तो लॉक होतो का ते पाहा.

पायांच्या लॉकमध्ये खाचांचा प्रकार सर्वांत भरवशाचा: बटण दाबा, पाय ओढा, खाचेत टक् करून बसतो आणि दोन्ही पाय सारखेच राहतात. गुळगुळीत पाय आणि बाजूने आवळायचा स्क्रू या प्रकारात हवी ती उंची मिळते, पण स्क्रूचं टोक घासलं की पाय हळूहळू आत सरकतो. पिळून आवळायचा पाय मधला मार्ग, वाळू गेली नाही तोवर चांगला. रबरी बूट गुळगुळीत टेबलावर घसरतात आणि कडक लाकडावर उडतात. दोन्हींवर उपाय एकच, खाली गालिच्याचा तुकडा. स्वस्त बायपॉडचे बूट नुसते दाबून बसवलेले असतात आणि गवतात हरवतात, तेव्हा पहिल्याच दिवशी चिकटवून टाका.

नावाने बोलायचं तर तुलनेचं माप म्हणून हॅरिस धरावा लागतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली ही कंपनी आहे, आणि बाजारातले बहुतेक स्वस्त बायपॉड तिच्याच रचनेची नक्कल आहेत. तिच्या नावांतली अक्षरं समजली की खरेदी सोपी होते. ‘बीआर’ म्हणजे ६ ते ९ इंच, ‘एल’ म्हणजे ९ ते १३ इंच. शेवटी ‘एम’ असेल तर पायांना खाचा, नसेल तर गुळगुळीत पाय. सुरुवातीला ‘एस’ असेल तर वरचा भाग कलतो, ‘१ए२’ असेल तर कलत नाही. एअर रायफलसाठी योग्य मॉडेल एस-बीआरएम. कल आवळायला खाली गोल नट असतो. बोटाने फिरवता येईल असा छोटा दांडा त्याला वेगळा घेऊन लावला तर प्रत्येक वेळी झुंजावं लागत नाही. हा बायपॉड स्टडवर बसतो, रेलसाठी अडॅप्टर लागतो. यादीत तो स्वस्त नाही, पण वापरलेला मिळाला आणि स्प्रिंग शाबूत असतील तर डोळे झाकून घ्यावा.

कॉल्डवेलचा एक्सएलए याच घराण्यातला, अ‍ॅल्युमिनियमचा आणि कमी किमतीचा. तो कलणारा आणि न कलणारा अशा दोन्ही प्रकारांत येतो, मापं ६-९, ९-१३ आणि १३.५-२७ इंच. मागवताना कलणाराच मागवा. खोक्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पीसीपीसाठी पहिला बायपॉड म्हणून ६-९ इंचांचा कलणारा एक्सएलए ही समतोल निवड आहे.

यूटीजी हा लीपर्स कंपनीचा ब्रँड. त्यांच्या टॅक्टिकल ओपी मालिकेत ६.१ ते ७.९ आणि ८.३ ते १२.७ इंच अशी वेगवेगळी मापं आहेत. टेबलावर वापरायचा असेल तर दुसऱ्या मापाची किमान उंचीच जास्त होते, हे न बघता मागवणारे बरेच असतात. मॅगपुलचा बायपॉड किमतीने मध्यम: उंची ६.३ ते १०.३ इंच, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पायऱ्या, एकूण ५० अंश कल आणि ४० अंश पॅन. स्टड, पिकॅटिनी आणि एम-लॉक (फोरएंडमधल्या लांबट भोकांत बसणारा प्रकार) अशा वेगवेगळ्या माउंटमध्ये तो थेट मिळतो, त्यामुळे अडॅप्टर टळतो. खर्चाची थोडी मुभा असेल तर आमचं मत याच्या बाजूने.

बिननावाची नक्कल आधीच घेतली असेल तर ती फेकू नका, एक संध्याकाळ द्या. सगळे स्क्रू सोडून कारखान्यातलं चिकट ग्रीस पुसा. कलणाऱ्या सांध्यात किती फट आहे ते पाहून पातळ स्टीलचा वॉशर घाला, ०.२ ते ०.३ मिमीचा वॉशर बहुधा सगळा प्ले खातो. पायांच्या बिजागरीतली पिन ढिली असेल तर तिच्याऐवजी नायलॉन लॉकनट असलेला बोल्ट बसवा. बाहेरच्या स्प्रिंगचे आकडे पक्कडीने थोडे बंद करा म्हणजे सुटून उडणार नाहीत. जोडताना प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉकरचा एक थेंब, मात्र रोज फिरवायच्या लॉकला नाही.

यानंतर कागदावर तपासणी. एकाच डब्यातले छर्रे घ्या, पीसीपीचा दाब दरवेळी त्याच पट्ट्यात ठेवा, नाहीतर दाबाचा दोष बायपॉडच्या माथी बसेल. २५ मीटरवर पाच छऱ्यांचा एक गट पुढे वाळूची पिशवी ठेवून, पुढचा बायपॉडवर, असे आलटूनपालटून आठ गट मारा. दस्त्याखाली मागे पिशवी दोन्ही वेळा तीच. गट तेवढाच पण जागा सरकलेली असेल तर नुसतं झीरो बदला. गट आडवा पसरला तर सांध्यातला किंवा माउंटमधला प्ले शोधा. उभा पसरला तर मागची पिशवी, पुढे रेटण्याचा कमी-जास्त जोर किंवा टेबलावर उडणारे पाय यांतलं एक काहीतरी. मग बायपॉड काढून पुन्हा बसवा आणि आणखी एक गट मारा. तो आधीच्या जागी पडला नाही तर माउंट नीट बसत नाही. पॅड, क्रॉसबार आणि स्टड या क्रमाने पाहा. पहिल्या शंभर छऱ्यांनंतर सगळे स्क्रू पुन्हा एकदा तपासा, कारण रबरी पॅड तोपर्यंत दबलेले असतात आणि नट पाव फेरी तरी मागतोच.